जॉन ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी, इ.स. १८५५ – २६ नोव्हेंबर, इ.स. १९२६) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. बंदुका, पिस्तुले आणि मशीनगन यांच्या रचनेसाठी त्यांना १२८ एकस्वे मिळाली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित छर्ऱ्याची बंदूक, अर्थात ऑटो-५, ही त्यांचीच निर्मिती होय. महाराष्ट्रात ब्राउनिंग हे नाव मुख्यतः इ.स. १९०९ मधील नाशिकच्या जॅक्सन वधामुळे परिचित आहे.

पूर्वायुष्य

ब्राउनिंग यांचा जन्म युटा प्रांतातील ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका घडवणारे कारागीर होते. मॉर्मन पंथीयांबरोबर स्थलांतर करत ते पश्चिमेकडे आले होते. तीन पत्नींपासून त्यांना बावीस अपत्ये झाली. जॉन यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वडिलांच्या दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या निरनिराळ्या बंदुका उघडून पाहणे हेच त्यांचे शिक्षण ठरले. इ.स. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉन यांना एकबारी रायफलचे पहिले एकस्व मिळाले आणि भावांच्या मदतीने त्यांनी ती ऑग्डेनमध्येच बनवायला घेतली.

विंचेस्टरशी संबंध

यांपैकी एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या पाहण्यात आली. कंपनीचे थॉमस बेनेट इ.स. १८८३ मध्ये ऑग्डेनला आले आणि त्यांनी ८,००० डॉलरला तिचे हक्क विकत घेतले. पुढील सुमारे १९ वर्षे हाच प्रघात राहिला. ब्राउनिंग नमुना तयार करत, बेनेट एकरकमी किंमत देत आणि व्यवहार तेथेच संपे. या काळात विंचेस्टरने त्यांचे चाळीसहून अधिक आराखडे घेतले. त्यांतील थोडेच बाजारात आले. उरलेले प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून विकत घेतलेले होते. इ.स. १८९४ ची रायफल आणि इ.स. १८९७ ची सरकत्या मुठीची छर्ऱ्याची बंदूक विलक्षण लोकप्रिय झाल्या. त्यांतून कंपनीला अमाप नफा झाला, पण संशोधकाचा वाटा आधीच चुकता झालेला होता.

अर्धस्वयंचलित बंदूक व तिच्या मोलाचा वाद

शतकाच्या अखेरीस ब्राउनिंग यांनी एक वेगळीच बंदूक सिद्ध केली. गोळी उडताना बसणाऱ्या धक्क्यानेच ती पुढचे काडतूस भरून घेत असे. चाप ओढताच नळी आणि खटका एकमेकांत अडकलेल्या स्थितीत मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि खटका नवे काडतूस घेऊन नळीपाठोपाठ जागेवर बसतो. मॅगझिनमध्ये चार आणि नळीत एक अशी पाच काडतुसे मावत असल्याने पुढे तिला ऑटो-५ हे नाव पडले. मागील बाजूस उंच, चौकोनी खांदा असल्याने ती कुबड आल्यासारखी दिसते. या दिसण्यामुळे तिची टवाळी झाली, तरी ती लांबूनही ओळखू येते. इ.स. १९०० मध्ये तिचे मुख्य एकस्व मंजूर झाले.

या वेळी ब्राउनिंग यांनी एकरकमी किंमत नाकारली आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वधन मागितले. बेनेट यांनी तोवर कोणालाही असे धन दिले नव्हते. शिवाय आपल्याच खपाऊ बंदुकांशी स्पर्धा करणारी ही वस्तू चालेल की नाही, याचीही त्यांना शंका होती. इ.स. १९०२ मध्ये बोलणी कायमची तुटली. बेनेट यांचा हा अंदाज चुकला हे पुढील वर्षांनी दाखवून दिले. विंचेस्टरने नंतर स्वतःची अर्धस्वयंचलित बंदूक काढली, परंतु खटका मागे ओढण्याच्या मुठीचे एकस्व ब्राउनिंग यांच्याकडे असल्याने तिची नळीच हाताने दाबावी लागे. ही रचना धोकादायक ठरली.

त्यानंतर ब्राउनिंग यांनी रेमिंग्टन कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची वेळ घेतली. ते भेटीची वाट पाहत असतानाच हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाल्याची बातमी आली. अखेर नमुना घेऊन त्यांनी बेल्जियम गाठले. लीजजवळील हर्स्टाल येथील फाब्रिक नासिओनाल (एफ.एन.) हा कारखाना त्यांची पिस्तुले आधीपासून बनवत होता. मार्च १९०२ मध्ये स्वामित्वधनाच्या अटीसह करार झाला. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, अमेरिकेत विकण्यासाठी १०,००० बंदुकांची मागणी ब्राउनिंग यांनी स्वतःच्या नावावर नोंदवली. सुमारे वर्षभरात त्या विकल्या गेल्या. पुढे आयातकरामुळे अमेरिकेतील उत्पादनाचे हक्क रेमिंग्टनला मिळाले आणि इ.स. १९०५ पासून तीच बंदूक तेथेही बनू लागली.

नाशिक प्रकरण

त्या काळी युरोपात ब्राउनिंग पिस्तूल म्हणजे हर्स्टालच्या कारखान्याचे पिस्तूल असे समीकरण होते. ते आटोपशीर, चपटे आणि कपड्यांत सहज लपणारे होते. इ.स. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाप्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला व सावरकरांवरील खटल्यात तो महत्त्वाचा ठरला.

अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ब्राउनिंग यांच्या मशीनगन स्वीकारल्या. स्वामित्वधनासाठी विंचेस्टरशी नाते तोडणाऱ्या या माणसाने सरकारकडून मात्र ७,५०,००० डॉलर एकरकमी घेतले. हिशेबाने मिळणारे धन याच्या कित्येक पटींनी अधिक झाले असते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यात काम करत असताना हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. पुढे भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यातही ते बनले.

जुन्या ऑटो-५ चे मूल्य

ऑटो-५ चे नियमित उत्पादन इ.स. १९९८ पर्यंत चालले. १९७० च्या दशकाच्या मध्यात ते बेल्जियममधून जपानमधील मिरोकू कारखान्यात गेले. संग्राहक सामान्यतः बेल्जियन बंदुकीला अधिक भाव देतात, पण केवळ नावावरून किंमत ठरत नाही. अनुक्रमांकावरून निर्मितीचा काळ कळतो आणि नळीवरील लीजच्या चाचणीशिक्क्यांवरून ती मूळची आहे का, हे पडताळता येते. कापून आखूड केलेली नळी, नव्याने चढवलेला निळा मुलामा, घासून पुसट झालेले कोरीवकाम किंवा बदललेला दस्ता यांमुळे मोल बरेच उतरते.

पुढच्या लाकडी मुठीला गेलेली चीर हे विशेष लक्षण मानतात. मॅगझिनच्या नळीवरील घर्षणकडी हलक्या आणि जड काडतुसांसाठी वेगवेगळ्या प्रकारे बसवावी लागते. ती चुकीची बसवली असेल तर सगळा धक्का लाकडावर येतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही दस्त्यांचे लाकूड मिठाने सुकवलेले असल्याने आतील लोखंड गंजते. दस्त्याचे स्क्रू काढून पाहिल्याशिवाय हा दोष दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या सोळा बोअरच्या बंदुकांत काडतुसाचे घर आजच्यापेक्षा आखूड असते. त्यात आधुनिक काडतूस वापरणे धोक्याचे असल्याने अशा बंदुकीची किंमत संग्रहापुरतीच धरली जाते.

भारतात इ.स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय अशी बंदूक विकत घेता किंवा बाळगता येत नाही. म्हणून वस्तूच्या अवस्थेइतकेच, तिचा वर्ग खरेदीदाराच्या परवान्यात बसतो का, यालाही महत्त्व असते. हा परवाना नाशिक शहरात पोलीस आयुक्त देतात, तर ग्रामीण भागात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.