डार्विन आणि समुद्रातले सरडे



चार्ल्स डार्विन म्हटले की पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. पण सप्टेंबर १८३५ मध्ये ते विषुववृत्तावरील गालापागोस बेटांवर उतरले तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते. जन्म १२ फेब्रुवारी १८०९, इंग्लंडमधील श्रूजबरी गावी. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते. ‘बीगल’ जहाजावर जायला वडिलांचा विरोधच होता, मामांनी समजूत घातली तेव्हा परवानगी मिळाली. (पालकांनी हे जरूर वाचावे!)

त्या बेटांच्या किनाऱ्यावर काळ्या खडकांवर काळेच सरडे ऊन खात पडलेले असत, सुमारे तीन फूट लांब. शेपूट चपटी, बोटांमध्ये अर्धवट पडदा. हे प्राणी समुद्रात मासे पकडायला जातात, असे पूर्वीच्या एका कप्तानाने लिहून ठेवले होते. डार्विन यांनी काही सरड्यांची पोटे उघडून पाहिली. आत समुद्री शेवाळ निघाले! एका सरड्याला त्यांनी पुन्हा पुन्हा खोल पाण्यात फेकले, तर तो पोहत दर वेळी त्यांच्याकडेच परत आला. जमिनीवर त्याला शत्रू माहीत नाही, समुद्रात मात्र शार्कचे भय आहे, असा तर्क त्यांनी केला.

बेटांच्या आतल्या भागात दुसरा सरडा होता. पिवळट, गोल शेपटीचा, बोटांत पडदा नसलेला, निवडुंग खाणारा. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘गोह’ म्हणजेच आपली घोरपड, हे मला फार उशिरा कळले. नावे अशी फसवतात, म्हणून आधी शेपूट, बोटे आणि खाणे पाहावे.

डार्विन यांच्याकडूनही एक मोठी चूक झाली. कासव पाहून ते कोणत्या बेटाचे हे सांगता येते, असे तेथील अधिकाऱ्याने सांगूनही त्यांनी दोन बेटांवरचे पक्षी एकत्र मिसळले होते. इंग्लंडला परतल्यावर जहाजावरील सोबत्यांच्या संग्रहातील चिठ्ठ्या पाहून बेटे जुळवावी लागली. त्याच पक्ष्यांनी पुढे त्यांना विचारात पाडले. त्यांचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ मध्ये आला. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

सांतियागो बेटावर पिवळ्या सरड्यांची बिळे इतकी होती की डार्विन यांना तंबू ठोकायला जागा सापडेना. पुढे बाहेरून आणलेल्या डुकरांसारख्या जनावरांमुळे तिथले सरडे नाहीसे झाले. २०१९ मध्ये दुसऱ्या बेटावरून चौदाशेहून अधिक सरडे आणून तिथे सोडण्यात आले.