मॅरियन अँडरसन बाई ह्यांचें अल्पचरित्र

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांची गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. परंतु त्यांस हलकें लेखण्याची रीत त्यानंतर शंभर वर्षें चालूच राहिली. त्या रीतीस ज्या बाईंनीं आपल्या गाण्यानें मान खालीं घालावयास लाविली, त्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मॅरियन अँडरसन ह्यांचा जन्म ता. २७ फेब्रुवारी १८९७ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. त्यांचे वडील बर्फ व कोळसा विकीत. सहाव्या वर्षीं त्या युनियन बॅप्टिस्ट मंडळींत मुलांबरोबर गाऊं लागल्या. पुढें वडील वारले, आणि आईनें लोकांचे कपडे धुऊन व एका मोठ्या दुकानाची फरशी पुसून तिन्ही मुलींस वाढविलें.

मॅरियन बाई एका संगीतशाळेंत प्रवेश मागावयास गेल्या, तों केवळ वर्णावरून त्यांस परत लाविलें. मंडळीनें मात्र त्यांस सोडिलें नाहीं. मोलमजुरी करणाऱ्या त्या लोकांनीं वर्गणी गोळा करून त्यांच्या शिक्षणाचा खर्च चालविला. १९२५ सालीं न्यूयॉर्क येथील स्पर्धेंत सुमारें तीनशें गायकांत त्या पहिल्या आल्या. पुढें युरोपांत त्यांची मोठी कीर्ति झाली. मिळकत होऊं लागतांच त्यांनीं दुकानांत कळविलें कीं, आई ह्यापुढें कामास येणार नाहीं. आयुष्यांतील सर्वांत आनंदाचा क्षण तोच, असें त्या सांगत.

१९३९ सालीं वॉशिंग्टन येथें एका स्त्रीसंस्थेनें त्यांस आपलें सभागृह गाण्यासाठीं देण्याचें नाकारिलें, कारण वर्ण. तेव्हां राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट बाई ह्यांनीं त्या संस्थेचा राजीनामा दिला, आणि सरकारनें लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्या मोकळ्या करून दिल्या. ता. ९ एप्रिल रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, सुमारें ७५,००० गोरे व काळे लोक थंडींत एकत्र उभे राहिले. पाठीशीं गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या लिंकनचा पुतळा, आणि पुढें फरशी पुसणाऱ्या विधवेची कन्या गात होती. लाखों लोकांनीं तें गायन रेडिओवर ऐकिलें.

त्या स्वभावानें शांत. कटु शब्द त्यांच्या मुखांतून निघत नसे. जेथें काळ्या श्रोत्यांस निराळें बसवीत, तेथेंहि त्या बराच काळ गाइल्या, आणि त्याबद्दल स्वजनांनीं त्यांस दोष दिला. आरंभीं त्यांनीं प्रत्येक भागांत काळ्यांस जागा मिळावी अशी अट घातली; पुढें १९५० च्या सुमारास अशा सभागृहांत गाण्याचेंच नाकारिलें. १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहांत प्रमुख भूमिकेंत गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका झाल्या. १९५७ सालीं त्या भारतांतहि येऊन गेल्या. १९६३ सालीं वॉशिंग्टनच्या समान हक्कांच्या मोर्च्यांत त्या पुनः त्याच पायऱ्यांवर गाइल्या. ता. ८ एप्रिल १९९३ रोजीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, त्यांस देवाज्ञा झाली.

वाचकहो, कंठ ही देवाची देणगी खरी. परंतु तिला वाट मिळाली ती गरीब मंडळीच्या वर्गणीनें. आमच्या खेड्यांतील उपासनेंत मागल्या रांगेंत बसून गाणारें एखादें मूल असेल. त्याच्या बापाचा धंदा कोणता हें न विचारितां त्यास पुढें बोलाविण्याचें काम आमचें आहे.