अण्णाभाऊंचा डफ आणि कलावंतांची युनियन

जयंतीचा हंगाम आला की औरंगाबादेतल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, गायन पार्ट्यांना उसंत नसते. भडकल गेटपासून मुकुंदवाडीपर्यंत, टीव्ही सेंटरपासून उस्मानपुऱ्यापर्यंत स्टेज लागतात, भीमगीते घुमतात. हंगाम ओसरला की हिशेब सुरू होतो. कुठल्या मंडळाने अर्धीच बिदागी हातावर टेकवली, कुणी मांडववाल्याचे पैसे आधी चुकते केले आणि ढोलकीवाल्याला उद्या ये म्हणून सांगितले, याच्या गोष्टी निघतात. मग कुणीतरी कलावंतांच्या युनियनचा विषय काढतो. दुसरा लगेच विचारतो की वर्गणी भरून मिळणार काय? आणि तिसरा, बहुधा वयाने मोठा, म्हणतो की आपण मिशनचे कलावंत आहोत, बाबासाहेबांचे विचार गाणाऱ्याच्या तोंडी पैशाची भाषा शोभत नाही. या तिसऱ्याच्या म्हणण्यापुढे सगळे गप्प बसतात आणि विषय तिथेच मिटतो.

आम्हाला हा विषय असा मिटलेला मान्य नाही. त्यासाठी आम्ही साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या आयुष्याकडे पाहण्याची विनंती करतो. संघटनेने कलावंताला काय दिले आणि काय दिले नाही, हे त्यांच्या आयुष्यात जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव येथे, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यात, मांग समाजात अण्णाभाऊंचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. शाळेत ते दीडेक दिवस गेले असतील, त्यानंतर शाळेने त्यांना ठेवले नाही आणि त्यांनीही शाळेचे तोंड पाहिले नाही. तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब पोटासाठी गाव सोडून पायी चालत मुंबईला आले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत नोकरी केली. अक्षरओळख त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत करून घेतली. प्रस्थापितांच्या विद्यापीठातून पदव्या घेऊन निघालेल्या किती जणांना असे लिहिता आले, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

गिरणीने त्यांना संप दाखवला, मोर्चा दाखवला आणि युनियन दाखवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते राहू लागले तेव्हा ती वस्ती दलित कामगारांनी भरलेली होती. महाडच्या सत्याग्रहात पुढाकार घेतलेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखी माणसे तिथे काम करीत होती. याच वस्तीत अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीत आले. याच वस्तीतल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला. आमच्या मते हा पोवाडाही युनियनचेच काम होते. गटारे, घाण आणि आजार सगळ्यांचे सारखे असतात, पण त्यांची तक्रार एकाने केली तर कुणी ऐकत नाही.

1944 साली अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर या त्रिमूर्तीने लाल बावटा कलापथक उभे केले. कलापथक हा शब्द आज गुळगुळीत झाला आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ फार मोठा होता. तमाशातला कलावंत फडमालकाचा नोकर होता. मालकाने उचल दिली की तो बांधला गेला. गावातल्या पाटलाने दौलतजादा केली तर खायचे, नाही तर उपाशी झोपायचे. कलापथकात मालक नव्हता. डफ, तुणतुणे आणि ढोलकी घेऊन ही मंडळी गिरणीच्या दारात, चाळींच्या पटांगणात, शेतकऱ्यांच्या परिषदेत उभी राहिली. अण्णाभाऊंनी तमाशातला गण बदलला. गणपतीच्या वंदनेच्या जागी मातीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन आले, गौळण गेली. ज्या कलेला सभ्य समाज नाक मुरडत होता तिच्यातून सावकार, शेटजी आणि काळाबाजारवाल्यांची खिल्ली उडू लागली. एकट्या कलावंताने फडमालकाकडे असे काही मागितले असते तर त्याच रात्री त्याचे बोचके बाहेर पडले असते. संघटना होती म्हणून हे झाले.

संघटनेचा दुसरा लाभ दडपशाहीच्या काळात दिसला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि लाल बावटा कलापथकावरही बंदी आली. तमाशा म्हणून चालत नाही तर अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हटले आणि काम चालू ठेवले. इप्टा या देशभरच्या जननाट्य संघटनेच्या अध्यक्षपदावर 1949 साली त्यांची निवड झाली. शाळेतून दीड दिवसात बाहेर पडलेला मांगाचा पोर देशातल्या नामवंत नटांच्या, कवींच्या आणि गायकांच्या संघटनेचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट त्या काळी साहित्य परिषदांच्या मंडपात घडणे शक्य नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांच्या छक्कडीने आणि लोकनाट्याने जी माणसे जमवली तितकी भल्या भल्या पुढाऱ्यांना जमवता आली नाहीत.

इथपर्यंत पाहिले तर युनियनमध्ये जावे का, या प्रश्नाचे उत्तर सरळ होय असे येते. पण पुढचे आयुष्यही पाहिले पाहिजे.

1959 साली फकिरा ही कादंबरी आली. ती अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्याआधी 1958 साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले होते. 1961 साली फकिराला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. वैजयंता, फकिरा, वारणेचा वाघ या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लोकनाट्ये, सगळे मिळून एका माणसाने एका आयुष्यात लिहिले. आणि तो राहिला कुठे? घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. 1968 साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारकडून घर मिळाले आणि 18 जुलै 1969 रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, ते गेले. कलापथकातले त्यांचे सोबती अमर शेख त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेले.

दोघांनी आयुष्यभर गिरणी कामगारांच्या महागाई भत्त्यासाठी, बोनससाठी आणि पगारवाढीसाठी गळा झिजवला. गिरणी कामगाराला त्याच्या युनियनमुळे प्रॉव्हिडंट फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, आजारपणात विमा योजनेचा दवाखाना मिळाला. त्याच्या दारात उभे राहून गाणाऱ्या शाहिराच्या नावावर यातले काही नव्हते. कारण लाल बावटा कलापथक ही कामगारांसाठी गाणाऱ्यांची संघटना होती, गाण्याच्या कामाचा दर ठरवणारी संघटना नव्हती. शाहिराला चळवळीने कार्यकर्ता मानले, कामगार मानले नाही. आमच्या मते अण्णाभाऊंच्या दारिद्र्याचे एक मोठे कारण इथे आहे. केवळ व्यक्तिगत दुर्दैव म्हणून त्याची बोळवण करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्याच मुंबईत, त्याच पन्नासच्या दशकात, सिनेमात व्हायोलिन, सतार, तबला वाजवणाऱ्यांनी आपली संघटना बांधली. पाळीचे तास आणि पाळीचा दर यांवर संगीतकाराशी आणि निर्मात्याशी बोलणी व्हायची ती संघटनेच्या नावाने. त्यांच्यात कुणी क्रांतीचे गाणे गात नव्हते, पण आपल्या तासाची किंमत त्यांना ठाऊक होती. क्रांती गाणाऱ्याला ती ठाऊक नसावी, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे?

येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनकडे कसे पाहिले ते आठवले पाहिजे. गिरण्यांच्या विणकाम खात्यात धागा तोंडाने ओला करावा लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना तिथे शिरू देत नसत आणि जास्त पगाराचे ते खाते दलितांना बंद होते. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या युनियनने त्यावर काय केले, हा बाबासाहेबांचा रोकडा सवाल होता. तरीही त्यांनी युनियन नको असे कधी म्हटले नाही. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन्ही शत्रू सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरले. पुढे मजूरमंत्री म्हणून 1943 साली त्यांनी मालकांना युनियनला मान्यता देणे भाग पाडणारे विधेयक मांडले. म्हणजे युनियनमध्ये जायचे, पण तिथे आपल्या ताटात काय वाढले जाते ते डोळे उघडे ठेवून पाहायचे.

मिशनची भाषा करणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना आम्ही नम्रपणे एवढेच विचारतो की जलशाच्या काळात गावोगाव फिरणाऱ्या कलावंतांनी पदरमोड केली, ते त्यागाने केले. पण आज स्टेजचे, लाईटचे, साऊंडचे, बॅनरचे पैसे रोख मोजले जातात, तिथे त्याग एकट्या कोरसवाल्याच्या वाट्याला का? कॅसेटच्या जमान्यात एका रेकॉर्डिंगचे एकदाच पैसे देऊन गाणे कायमचे लिहून घेतले गेले. कागदावर काय लिहिले आहे हे वाचायला बरोबर कुणी नव्हते. 1994 साली कॉपीराइट कायद्यात कलावंताचे हक्क आले, 2012 च्या दुरुस्तीने गायक, गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का केला. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था तर अण्णाभाऊ गेले त्याच 1969 सालची. आमच्या किती भीमगीतकारांची नावे तिच्या यादीत आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या घरी तपासावे. अण्णाभाऊंच्या साहित्याचा कॉपीराइट 2029 अखेरपर्यंत चालेल, हेही ओघाने सांगून ठेवतो.

युनियनच्या विरोधात बोलणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र आम्हाला मान्य आहे. गिरणीला एक मालक असतो, गायन पार्टीला शंभर असतात. आज मंडळ, उद्या नगरसेवक, परवा लग्नघर. कुणाच्या दारात संप करायचा? कायद्याने नोंदणीसाठी सात जणांच्या सह्या लागतात, 1926 च्या कायद्यात तसे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसे आहे. सात माणसे तर एका पार्टीत पेटी, ढोलकी आणि कोरस धरून असतातच! अडचण सह्यांची नाही. नोंदणीच्या बाकीच्या अटी आस्थापना आणि उद्योग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत, आणि त्यांत स्टेजवरचा कलावंत नीट बसत नाही. पण संप हे युनियनचे एकमेव काम नाही. सुपारी घेताना छापील करारावर सही, निम्मी रक्कम आगाऊ, प्रवासात अपघात झाला तर विमा आणि पैसे बुडवणाऱ्या आयोजकाचे नाव सगळ्या पार्ट्यांना कळवणे, एवढे केले तरी एका हंगामात फरक दिसेल. दोन राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकरांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या बिलासाठी मदत गोळा करावी लागली. 2002 साली त्या गेल्या आणि 2006 पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देऊ लागले.

सरकारचे वृद्ध कलावंत मानधन आहे. 2024 पासून ते दरमहा 5,000 रुपये झाले. त्यासाठी कलेच्या क्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. तीस वर्षे गाणाऱ्या माणसाकडे एक पत्रिका नसते, एक पावती नसते. अर्ज परत येतो. युनियनच्या रजिस्टरात दर हंगामाची नोंद असती, तर कचेरीत ठेवायला निदान तेवढा कागद असता.

अण्णाभाऊंचे टपाल तिकीट 2002 साली निघाले, 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. दर 1 ऑगस्टला आमच्या शहरात मिरवणुका निघतात, हलगी कडाडते, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अण्णाभाऊंनी लिहिलेले ते गीत आमचे गायक काळजातून गातात. येत्या 1 ऑगस्टला ते गाऊन झाल्यावर कलावंतांनी मंडळाकडून बिदागीची पावती मागावी. युनियनची पहिली बैठक कुठे घ्यायची ते तिथेच, त्याच मांडवात ठरवता येईल. वर्गणीचे म्हणाल, तर ती एका सुपारीतल्या चहा-नाश्त्याहून जास्त ठेवू नये, असे आमचे मत आहे.