सर जोसेफ स्वान व कर्बतंतु

खामगावच्या बाजारात येणारा कापूस आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. त्या कापसाचे सूत बोटांनी सहज तुटते. असेच सूत अग्नीत भाजून एका थोर पुरुषाने घरोघर उजेड नेला, व त्याच जातीचे तंतु आज जीर्ण लोखंडी पुलांस आधार देत आहेत. त्या पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

जोसेफ विल्सन स्वान यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८२८ रोजी इंग्लंडातील संडरलंड येथे झाला. शाळा लवकर सुटून ते औषधविक्याच्या दुकानी उमेदवारीस राहिले व पुढे न्यूकॅसल येथे रसायनांच्या व्यापारात भागीदार झाले. धंदा सांभाळून त्यांनी कागदाच्या पट्ट्यांपासून कर्ब बनविण्याचे प्रयोग चालविले. कागद उघड्या हवेत जाळल्यास त्याची राख होते. हवा लागू न देता तापविल्यास कर्ब शिल्लक राहतो. १८६० च्या सुमारास त्यांनी असा कर्ब काचपात्रात ठेवून विजेने उजळविला. परंतु पात्रातील हवा पुरती निघेना व बॅटऱ्याही दुबळ्या, म्हणून दिवा टिकला नाही.

स्वान यांनी धीर सोडला नाही. हवा काढणारा पाऱ्याचा पंप निघाल्यावर, पंधराहून अधिक वर्षांनी, त्यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये न्यूकॅसलच्या सभेत आपला दिवा दाखविला. पुढे गंधकाम्लात बुडविलेले कापसाचे सूत भाजून त्यांनी अधिक टिकाऊ तंतु केला. १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह त्यांच्या दिव्यांनी उजळले. अमेरिकेत एडिसनही याच शोधात होते. तंटा वाढविण्याऐवजी उभयतांनी १८८३ साली इंग्लंडात समाईक कंपनी काढली. स्वान यांना १९०४ मध्ये सर ही पदवी मिळाली व २७ मे १९१४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

दिव्यातील कर्बतंतूची जागा पुढे धातूच्या तारेने घेतली. पण १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडातील फार्नबरो येथे कृत्रिम धाग्यापासून अतिशय बळकट कर्बतंतु तयार झाले. त्यांच्या हलक्या पट्ट्या एपॉक्सी नावाच्या चिकट द्रव्याने लोखंडास व पोलादास जोडतात. न्यूपोर्ट पॅग्नेल येथील १८१० सालचा बिडाचा टिकफर्ड पूल १९९९ साली याच रीतीने बळकट करण्यात आला. त्यासाठी भोके पाडावी लागत नाहीत, वा पुलावर फारसे ओझेही चढत नाही.

मात्र हे काम अतिशय काळजीचे आहे. गंज व तेलकटपणा घालवून धातु उजळ केल्यावाचून सांधा धरत नाही. शिवाय कर्ब विजेचा वाहक असल्याने तो ओलाव्यात पोलादास प्रत्यक्ष भिडला तर पोलाद अधिकच गंजते. म्हणून दोहोंमध्ये काचतंतूचा पातळ थर घालतात.

विद्यार्थिमित्रहो, स्वान यांचा पहिला दिवा विझला तेव्हा त्यांच्या बुद्धीत उणीव नव्हती. उणीव होती ती साधनांची. ती साधने येईपर्यंत त्यांनी दुकानाचे नित्यकर्म सोडले नाही व प्रयोगाचा ध्यासही सोडला नाही. आपल्या लहान गावांतील साधनहीन विद्यार्थ्याने हेच चरित्र मनी धरावे, अशी आमची विनंती आहे.