क्ष-किरणांच्या गाडीतील मादाम क्युरी

रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके, एवढ्यावर मादाम क्युरी यांचे चरित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा संपते. पहिल्या महायुद्धाची चार वर्षे त्यांनी जखमी सैनिकांच्या सेवेत घालवली, याचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळीत होतो. क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मात्र हीच चार वर्षे अधिक जवळची वाटावीत.

मारिया स्क्लोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. वॉर्सावर तेव्हा रशियाचा अंमल होता आणि तेथील विद्यापीठाचे दरवाजे मुलींना बंद होते. परक्या घरी राहून मुले शिकवण्याची नोकरी करीत त्यांनी थोरल्या बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाला हातभार लावला आणि १८९१ मध्ये स्वतः पॅरिस गाठले. पुढचा भाग सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी विवाह, १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम, १९०३ चे नोबेल, १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा अंत आणि १९११ मध्ये दुसरे नोबेल.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम १९ वर्षे झाली होती आणि यंत्रे होती ती मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. आघाडीजवळच्या तात्पुरत्या इस्पितळात शल्यचिकित्सकाला गोळीचा तुकडा अंदाजानेच शोधावा लागे. तुकड्याबरोबर शेतातला चिखल आणि गणवेशाच्या चिंध्याही मांसात शिरलेल्या असत. प्रतिजैविकांचा काळ अजून दूर होता. जखम जितकी चाचपावी, तितका जंतुसंसर्गाचा आणि वायुकोथाचा धोका वाढे. क्ष-किरण पट्टीतून आणि कपड्यांतून आरपार जात असल्याने जखम उघडी न करताही आतला तुकडा दिसू शकत होता. हात किंवा पाय वाचणार की कापावा लागणार, हे अनेकदा या एका गोष्टीवर ठरे.

मादाम क्युरींनी सधन घरांतून मोटारी आणि देणग्या मिळवल्या. गाडीत क्ष-किरण नळी, पडदा, काळे पडदे आणि गाडीच्याच इंजिनावर चालणारा डायनामो बसवला. त्या स्वतः शरीररचना शिकल्या, मोटार चालवायला शिकल्या. अशा सुमारे २० गाड्या आणि २०० स्थायी केंद्रे त्यांच्या खटपटीतून उभी राहिली. सैनिक त्या गाड्यांना 'छोट्या क्युरी' म्हणत. गाडी इस्पितळात पोहोचली की खोली अंधारी करायची, तारा ओढायच्या, एकेक स्ट्रेचर आत घ्यायचे. नळी थोडी सरकवली की तुकड्याची सावलीही सरकते; ते अंतर मोजून तुकडा किती खोल आहे, हे भूमितीने काढता येते. हा हिशेब शल्यचिकित्सकांना पटवून देणे ही वेगळीच कामगिरी होती.

गाड्या झाल्या, पण त्या हाताळणारे हात नव्हते. १९१६ पासून त्यांनी पॅरिसमध्ये तरुणींसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला आणि सुमारे १५० जणी तयार केल्या. वीज, क्ष-किरण, शरीररचना आणि प्रत्यक्ष काम असा तो अभ्यासक्रम होता. विज्ञानाची पदवी नसलेल्या मुलींनाही त्यांनी आत घेतले, हे विशेष. मुलगी इरेन तर वयाच्या अठराव्या वर्षी बेल्जियममधील युद्धभूमीवरील इस्पितळात क्ष-किरणांचे काम सांभाळत होती.

रुग्णाची काळजी अशी वाहिली गेली. तंत्रज्ञाची मात्र वाहिली गेली नाही. क्ष-किरणांनी कातडी भाजते, बोटे जातात हे डॉक्टरांना ठाऊक होते. शिशाचे हातमोजे आणि आडोसेही होते. परंतु रांगेत स्ट्रेचर पडलेली असताना ते नेहमीच वापरले गेले नाहीत. मालकावर, इस्पितळावर किंवा सरकारवर त्याची कायदेशीर जबाबदारी टाकणारी यंत्रणाही नव्हती. किरणांपासून संरक्षणासाठीची आंतरराष्ट्रीय समिती १९२८ मध्ये, म्हणजे युद्ध संपून दहा वर्षांनी, स्टॉकहोम येथे स्थापन झाली. भारतात आज अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादा आहेत: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक नाही. तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला हे त्याचेच मोजमाप. कंटाळून तो खुंटीला अडकवणाऱ्या विद्यार्थ्याने १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये उभारलेल्या स्मारकाविषयी जरूर वाचावे. किरणांमुळे जीव गमावलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांची नावे त्यावर कोरली आहेत.

युद्धानंतर मादाम क्युरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले; शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्सच्या पर्वतराजीतील सान्सेल्मोझ येथील आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. अस्थिमज्जेने रक्तपेशी निर्माण करणेच थांबवले होते. इरेन यांनाही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गाठले.

१९९५ मध्ये पॅरिसच्या पँथेऑनमध्ये हलवण्यासाठी मादाम क्युरींची शवपेटी बाहेर काढण्यात आली, तेव्हा तज्ज्ञांनी तिची किरणोत्साराच्या दृष्टीने तपासणी केली. आत रेडियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघाले. त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धकाळातले क्ष-किरण अधिक कारणीभूत असावेत, असे मत त्यांनी नोंदवले.