परोपकाराची खरी रीत : फ्रेडरिक ओझानम

दान देण्यात आपले लोक मागे नाहीत. परंतु घेणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची अडचण समजून घेण्याची रीत आपल्यात विरळा. ता. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे दगावली. अशा वेळी मदतीचा ओघ येतो व ओसरतो. त्यानंतर कोणत्या घरी काय उणे आहे हे कोणी पाहावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस फ्रेडरिक ओझानम यांच्या चरित्रात सापडते.

ओझानम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान येथे झाला. फ्रान्सातील लियों शहरी वाढलेला हा डॉक्टरांचा मुलगा १८३१ साली कायदा शिकण्यास पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी तेथे पटकीने हजारो लोक मेले. एका वादसभेत त्यांस कोणी टोचून विचारले, की तुमचा कॅथॉलिक धर्म आज गरिबांकरिता काय करतो? ओझानम यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. २३ एप्रिल १८३३ रोजी, विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी मित्र व बाय्यी नामक वडीलधारे संपादक यांच्यासह त्यांनी मंडळ स्थापिले. रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने त्यांस गरजू घरे दाखवून दिली. संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाचे ते हेच मंडळ. दर आठवड्यास सभा, सभेत गुप्त वर्गणी, आणि गरिबाच्या घरी स्वतः जाणे, एवढाच त्याचा शिरस्ता.

ओझानम केवळ शिधा वाटून थांबले नाहीत. लियों येथे व्यापारी कायदा शिकविताना, मजुरीत मजुराचा निर्वाह, मुलांचे शिक्षण व म्हातारपणाची तरतूद भागली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे ते पॅरिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मार्सेय येथे त्यांचे देहावसान झाले. १९९७ साली पोपनी त्यांस धन्य घोषित केले. त्यांचे मंडळ आज मुंबईच्या चर्चांतूनही काम करीत आहे.

हे कार्य करण्यास ख्रिस्ती असावेच लागते असे नाही, व श्रीमंत तर नाहीच. महाड-पोलादपूरच्या व्यापारी बंधूंनी आळीआळीतून दोन-दोन माणसे निवडावी, त्यांनी आठवड्यातून एक तास काढून दोन घरे सांभाळावी, आणि दुकानावरील हमालाची मजुरी ठरविताना त्याच्या मुलांची शाळाही हिशेबात धरावी. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या देणगीपेक्षा हे दान आम्हांस मोठे वाटते.