निशाण खाली न पडू देणारा सार्जंट कार्नी

वाचकहो, महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, त्यांनी गुलामी मोडण्यासाठी काय सोसले हे आपल्या घरातल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. इतिहासात गोऱ्या सेनापतींची नावे पुष्कळ मिळतात. पण आपली बेडी तोडायला स्वतः गुलामच बंदूक घेऊन उभे राहिले होते. विल्यम हार्वे कार्नी हा त्यांपैकी एक.

त्याचा जन्म १८४० साली व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक गावी गुलामाच्या पोटी झाला. गुलामांना लिहायवाचायला शिकविण्यासाठी एकत्र जमणे हा त्या राज्यात गुन्हा होता. का, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको! तरीही वयाच्या पंधराव्या वर्षी हा मुलगा एका धर्मोपदेशकाच्या चोरट्या शाळेत जाऊन अक्षरे गिरवू लागला. वडील आधी उत्तरेकडे गेले, मागाहून कुटुंब गेले आणि सगळे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड बंदरात राहू लागले. कार्नीला धर्मोपदेशक व्हायचे होते. परंतु १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते. १८६३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि काळ्यांना सैन्याची दारे उघडली. कार्नी ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाला.

या पलटणीची एक गोष्ट मला लढाईइतकीच मोठी वाटते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १० डॉलर, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून घेत. पलटणीने तो पगार घेतलाच नाही. राज्य सरकार उरलेली रक्कम आपल्या पदरचे घालून द्यायला तयार झाले, तेही त्यांनी नाकारले. घरी बायकापोरे उपाशी होती, तरी कमी लेखणारा पैसा नको म्हणून हे लोक वर्षाहून अधिक काळ बिनपगारी लढले. अखेर १८६४ साली काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला.

१८ जुलै १८६३ ची संध्याकाळ. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदरापाशी वॅगनर नावाचा वाळूचा किल्ला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधून चिंचोळी वाट. सुमारे सहाशे माणसे त्या वाटेने तोफांच्या तोंडी गेली. निशाण धरणारा सैनिक पडला. कार्नीने बंदूक टाकून निशाण उचलले, तटापर्यंत नेले आणि गोळ्यांच्या वर्षावात तेथेच धरून ठेवले. पलटणीचा गोरा कर्नल रॉबर्ट शॉ तटावर मेला. माघार झाली, तेव्हा कार्नी अंगावर अनेक जखमा घेऊन परतला. वाटेत दुसऱ्या पलटणीचा एक शिपाई निशाण घ्यायला पुढे आला, पण कार्नीने ते त्याच्या हाती दिले नाही. आपल्या लोकांत पोहोचल्यावर त्याने एवढेच सांगितले की, आपण निशाण जमिनीला टेकू दिले नाही. मग तो कोसळला.

पलटणीची २७० च्या वर माणसे त्या दिवशी मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. शत्रूने कर्नल शॉला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले, ते अपमान म्हणून. शॉच्या वडिलांनी मात्र तीच जागा मुलाला योग्य मानली आणि प्रेत परत मागितले नाही. किल्ला त्या रात्री पडला नाही. सप्टेंबरात शत्रूच तो सोडून गेला. पण काळा माणूस लढू शकत नाही, ही बडबड तेथून ओसरली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक सरकारी फौजेत लढले होते.

जखमांमुळे १८६४ साली कार्नीला घरी पाठविण्यात आले. लग्न झाले. पुढे न्यू बेडफर्डमध्ये त्याने बत्तीस वर्षे पोस्टमन म्हणून घरोघर पत्रे वाटली. चोरून अक्षरे शिकलेला तो मुलगा! शौर्यासाठीचे देशातले सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला २३ मे १९०० रोजी मिळाले; लढाईनंतर जवळजवळ ३७ वर्षांनी. काळ्या सैनिकांनी गाजविलेल्या ज्या पराक्रमांना हे पदक मिळाले, त्यांत काळाने सर्वांत आधीचा पराक्रम त्याचा.

म्हातारपणी तो बॉस्टनच्या राज्य विधानभवनात शिपायाचे काम करी. तेथेच १९०८ साली लिफ्टमध्ये त्याचा पाय चिरडला आणि डिसेंबरात तो वारला. त्या दिवशी विधानभवनावरचे निशाण त्याच्यासाठी अर्ध्यावर उतरविले गेले. न्यू बेडफर्डमध्ये त्याच्या थडग्याच्या दगडावर ते पदक कोरलेले आहे.